बर्फात सोडून आलेली तेहतीस जहाजं

मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ते भलंमोठं कंटेनरचं जहाज आडवं रुतून बसलं होतं ना, तेव्हा आमचे दोन कंटेनर त्याच्या मागच्या गर्दीत अडकले होते. आमचे म्हणजे मी जिथं कामाला आहे त्या टॉवेलच्या कारखान्याचे, इथंच सोलापुरात, एमआयडीसीत. मी एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, कंटेनर कुठपर्यंत पोचला ते बघणं, बायरच्या मेलना उत्तरं देणं. सहा दिवस ते जहाज तिथं अडकलं होतं आणि सहा दिवस माझी झोप उडाली होती. माल काही बुडणार नव्हता, पण शेठ दर दोन तासांनी विचारायचे काय झालं म्हणून, आणि मी रात्री गच्चीवर बसून मोबाइलवर अडकलेल्या जहाजांबद्दलच वाचत राहायचे, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. असं वाचता वाचता मी १८७१ सालात अलास्काच्या किनाऱ्यावर जाऊन पोचले. नंतर कंटेनर सुटले, माल पोचला, बायरनं पुढची ऑर्डरही दिली, पण ती तेहतीस जहाजं काही माझ्या डोक्यातून गेली नाहीत. यंदाच्या मे महिन्यात घरी आई-अण्णांना ती सगळी गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून वाटतंय की एकदा लिहूनच काढावं.

तर अमेरिकेत न्यू बेडफर्ड म्हणून एक बंदर आहे, त्या काळी देवमासे मारण्याच्या धंद्यात जगात एक नंबर. देवमाशाची चरबी कढवून तेल काढायचं, त्या तेलावर दिवे जळायचे, यंत्रांना वंगण तेच, सूतगिरणीतल्या चात्यांना लागायचं तेसुद्धा देवमाशाचंच. चरबी कढवायला जहाजाच्या डेकवरच विटांची भट्टी बांधलेली असायची, तिच्यावर मोठमोठ्या लोखंडी कढया. लाकडी जहाजावर विटांची भट्टी पेटवायची आणि भर समुद्रात तेल कढवायचं, नुसता विचार करून बघा. एकेक सफर तीन-तीन चार-चार वर्षांची. दक्षिण अमेरिकेच्या शेंड्याला वळसा घालून पॅसिफिकमध्ये यायचं, होनोलुलूला शिधा-पाणी घ्यायचं आणि उन्हाळ्यात उत्तरेला बर्फाच्या तोंडाशी शिकारीला जायचं.

उत्तरेला एवढ्या लांब का, तर जवळचे मासे मारून मारून कमी झाले होते. १८४८ साली रॉइस नावाचा एक कप्तान बेरिंगच्या सामुद्रधुनीतून वर गेला आणि त्याला तिथं बोहेड जातीचे देवमासे सापडले, संथ, प्रचंड, अंगावर दीड-दीड फूट चरबीचा थर. आणि त्यांच्या तोंडात दातांच्या जागी त्या लांबच लांब पट्ट्या, बलीन म्हणतात त्याला, चार-चार मीटर लांब. मासा तोंड उघडून पाणी आत घेतो आणि त्या पट्ट्यांमधून गाळून बाहेर सोडतो, बारीक जीव आत अडकतात, तेच त्याचं खाणं. मी अण्णांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "म्हणजे फणीच की गं." मागावरची फणी, ताण्याचा एकेक धागा जिच्या दातांमधून ओवतात ती. बलीनचा फोटो दाखवला तर म्हणाले बघ, काय म्हणलं मी. आणि खरंच, अगदी तशीच दिसते. तर त्या फणीचा त्या काळी प्लास्टिकसारखा वापर व्हायचा, वाकते पण मोडत नाही, म्हणून बायकांचे कंबर आवळायचे कपडे, छत्र्यांच्या काड्या, घोडागाडीचे चाबूक, सगळ्यात तीच.

तेलाचे मात्र दिवस फिरले होते. १८५९ साली पेन्सिल्व्हेनियात ड्रेक नावाच्या माणसानं जमिनीत भोक पाडून खनिज तेल काढलं, रॉक ऑइल, ज्याचं आपल्याकडं रॉकेल झालं. लहानपणी रेशनच्या रांगेत पाच लिटरचा कॅन घेऊन मी किती वेळा उभी राहिले असेन, पण त्या रॉकेलनं देवमाशाच्या तेलाची जागा घेतली हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. त्यात मधे अमेरिकेतली यादवी झाली, तिच्यात दक्षिणेकडच्यांच्या एका युद्धजहाजानं १८६५ च्या जूनमध्ये बेरिंगच्या समुद्रात जाऊन ही शिकारी जहाजं धरून धरून जाळली. एवढं सगळं होऊनही १८७१ च्या उन्हाळ्यात चाळीस जहाजं परत उत्तरेला गेली. जाणारच. जहाज आहे, माणसं आहेत, दुसरं काही येत नाही, मग जायचं नाही तर करायचं काय.

आता तिथला समुद्र कसा ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. अलास्काचा वायव्य किनारा, वेनराइट आणि पॉइंट बेल्चर ही ठिकाणं. बाहेर समुद्रात बर्फाचा मैलोन् मैल पसरलेला सलग थर, तो वाऱ्याबरोबर हलतो. उन्हाळ्यात वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला की बर्फ किनाऱ्यापासून लांब ढकलला जातो, आणि किनारा आणि बर्फ यांच्या मधे पाण्याची एक पट्टी मोकळी होते, गल्लीसारखी. जहाजं त्या गल्लीत शिरायची आणि मासे मारायची. दरवर्षीचा शिरस्ता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये वारा उलटा सुरू झाला. तिथल्या इनुपियाट लोकांनी कप्तानांना सांगितलं होतं की यंदा लक्षण ठीक नाही, निघा. पिढ्यान् पिढ्या त्या बर्फावर राहणारी माणसं ती, पण कप्तानांना वाटलं येईल पुन्हा वारा, दरवर्षी येतो तसा, आणि मासे तर समोर दिसतायत. २९ ऑगस्टला वारा जोरात किनाऱ्याकडे फिरला आणि बर्फ आत आला. किनाऱ्याजवळ समुद्र उथळ, तिथं बर्फाचे मोठाले डोंगर तळाला टेकून उभे राहिले, मागून येणारा बर्फ त्यांच्यावर चढत गेला, आणि तेहतीस जहाजं जेमतेम अर्ध्या मैलाच्या पाण्यात कोंडली गेली. पुढं बर्फ, मागं बर्फ, एका बाजूला उघडा बोडका किनारा.

२ सप्टेंबरला कॉमेट नावाचं जहाज चिरडलं. ७ तारखेला रोमन. ८ तारखेला अवॉशॉन्क्स. बर्फ दोन्ही बाजूंनी दाबतो, लाकूड कडाकडा मोडतं, माणसं उड्या मारून बर्फावर येतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचं घर खाली जातं. लोक दुसऱ्या जहाजावर आसऱ्याला जायचे, आणि त्या जहाजाच्या कप्तानाला कळायचं की उद्या आपली पाळी.

मग त्यांनी हिशोब मांडला. इथं मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो. घाबरून पळाले नाहीत आणि देवावर सोडून बसलेही नाहीत, बसून हिशोब केला. माणसं १२१९, त्यात काही कप्तानांच्या बायका आणि लहान मुलं. सगळ्या जहाजांवरचं अन्न मिळून तीन महिन्यांच्या वर पुरणार नाही. हिवाळा नऊ-दहा महिन्यांचा. किनाऱ्यावर जळण नाही, खायला नाही. आधी एक छोटं जहाज रिकामं करून, हलकं करून, उथळ पाण्यावरून बाहेर काढायचा प्रयत्न झाला, पण पाणीच एवढं कमी की ते काही जमलं नाही. दुसरीकडं फ्लोरिडा जहाजाचा कप्तान फ्रेझर होड्या घेऊन दक्षिणेला गेला, किनाऱ्याकिनाऱ्यानं, बघायला की बाहेर मोकळ्या पाण्यात आपलं कुणी उरलंय का. उरले होते. आयसी केप नावाच्या भूशिराच्या खाली, साठ-सत्तर मैलांवर, सात जहाजं बाहेर राहिली होती, आणि त्यांच्याही अंगावर बर्फ येत होता. त्यांनी मनात आणलं असतं तर तेवढ्यात निघून जाता आलं असतं, शिकारीचा मोसम अजून शिल्लक होता. त्यांनी निरोप पाठवला की थांबतो. प्रोग्रेस नावाच्या जहाजाच्या कप्तानानं तर सांगितलं की माझ्याकडं एक नांगर शिल्लक असेपर्यंत मी हलत नाही. हे वाचताना प्रत्येक वेळी माझा गळा दाटून येतो, मी काय करू.

कप्तानांनी मिळून एका कागदावर सह्या केल्या, की जहाजं वाचवायचा कुठलाही मार्ग उरलेला नाही, माणसं वाचवायची तर ती सोडून जाणं भाग आहे. आणि १४ सप्टेंबर १८७१ ला सगळे उतरले.

मोंटिसेलो नावाच्या जहाजावर कप्तान थॉमस विल्यम्स होता, त्याची बायको एलायझा आणि बारा वर्षांचा मुलगा विल्यम पण बरोबर. ह्या मुलानं मोठा झाल्यावर त्या दिवसाची आठवण लिहून ठेवली आहे. तो म्हणतो की मी पोरगा होतो, पोराला प्रत्येक गोष्टीत काहीतरी नवीन दिसतं, तरी मला वाईट वाटलं, मग आईवडिलांना काय वाटलं असेल. कारण त्यांच्या जहाजापासून थोड्याच अंतरावर फ्लोरिडा उभं होतं. ह्या फ्लोरिडावर त्याचे वडील आधी आठ वर्षं कप्तान होते आणि त्यांची तीन मुलं त्या जहाजावर जन्मली होती. आता बघा, ज्या जहाजावर राहतोय तेही सोडायचं आणि समोर बाळंतपणं झालेलं जहाज, तेही तसंच बर्फात उभं. ती बाई होडीत बसून मागं वळून कुठल्या जहाजाकडं बघत असेल?

होड्या म्हणजे शिकारीच्याच, लांबट, उघड्या, वल्ह्यांच्या, एरवी सहा माणसांच्या. त्यात माणसं, पोरं, पांघरुणं, शिधा, सगळं. बर्फ आणि किनाऱ्याच्या मधल्या पाण्यातून दोनशेच्या आसपास होड्यांची रांग. रात्री किनाऱ्यावर उतरले, होड्या उलट्या करून, वर शिडं टाकून बायका-पोरांसाठी आडोसा केला, वाहून आलेल्या लाकडांची शेकोटी पेटवली. दुसऱ्या दिवशी भूशिराला वळसा घालून उघड्या समुद्रात आले तर वादळी वारा, लाटा होडीत येतायत, माणसं पाणी उपसतायत, आणि समोर ती सात जहाजं नांगरावर अशी हेलकावतायत की जवळ जायची भीती. तरी एकेक होडी लावून एकेक माणूस वर घेतला.

सात जहाजांची नावं मी वहीत लिहून ठेवलीत, किती माणसं घेतली त्याच्यासकट, कारण कंटेनरच्या पॅकिंग लिस्टची सवय, बेरीज जुळल्याशिवाय मला चैन पडत नाही. युरोपानं २८० घेतली, आर्क्टिकनं २५०, प्रोग्रेसनं २२१, लगोडानं १९५, डॅनियल वेब्स्टरनं ११३, मिडासनं १००, चान्सनं ६०. करा बेरीज. १२१९. एकही माणूस कमी नाही. मी ती बेरीज रात्री साडेअकराला कॅल्क्युलेटरवर मारली आणि जुळल्यावर रडले.

जागा करायला त्या सात जहाजांनी स्वतःचा माल समुद्रात टाकला. तेल, बलीन, शिकारीचं सामान. आम्हाला एक गाठ कमी भरली तर बायर क्लेम लावतो, आणि इथं सात कप्तान, एवढ्या लांब येऊन मोसमभर मिळवलेलं हातानं पाण्यात ढकलतायत, अनोळखी माणसांना बसायला जागा पाहिजे म्हणून. तिथून ते होनोलुलूला पोचले.

तेहतीस जहाजं गेली, त्यातली बावीस एकट्या न्यू बेडफर्डची. सोळा लाख डॉलरच्या वर नुकसान, त्या काळातले सोळा लाख.

हे सगळं मी घरी सांगितलं तेव्हा लाइट गेलेली होती, गच्चीवर सतरंज्या टाकलेल्या, रात्रीचे दहा वाजले तरी फरशी गरम, दिवसा त्रेचाळीस होतं. आई खांद्याला तेल चोळत बसली होती. ती मधेच म्हणाली, "त्या बायकांनी बरोबर काय घेतलं असेल गं खायला, लेकरं होती म्हणतीस." मी सांगितलं की दोन-चार दिवस आधीपासून होड्यांतून शिधा पुढं पाठवून ठेवला होता. "मग बरोबर," म्हणाली, "बाईमाणूस असल्याशिवाय हे सुचत नाही."

अण्णांनी वेगळंच विचारलं. "मालकानं पगार दिला का त्यांना?"

तर मला त्यांना तो धंदा समजावून सांगावा लागला. देवमाशांच्या जहाजावर पगार नसायचा, हिस्सा असायचा. सफर संपल्यावर जो माल विकला जाईल त्यातला ठरलेला हिस्सा, कप्तानाला मोठा, नवख्या खलाशाला शेकड्यातसुद्धा न बसणारा. माल नाही तर हिस्सा नाही. त्या मोसमाचा माल बर्फात राहिला. अण्णा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "फंडपण नाही म्हणजे."

इथं मला अण्णांबद्दल लिहायला पाहिजे. ते गिरणीत होते, कुठल्या ते लिहीत नाही. विणकाम खात्यात, आधी बदली कामगार म्हणून, मग कायम, मग जॉबर म्हणजे मुकादम. माझं बालपण त्या भोंग्यावर गेलं, पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आई उठायची, भाकरी थापायची, अण्णांच्या डब्यात दोन भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा. मी पाचवीत असताना गिरणी बंद झाली. आधी म्हणाले चार महिने, मग म्हणाले नवीन मालक येतोय, मग कोर्टात आहे, मग पुढच्या महिन्यात निकाल. अण्णा सात वर्षं थांबले. सात वर्षं रोज सकाळी सायकल काढून गिरणीच्या गेटवर जायचे, तिथं त्यांच्यासारखे पन्नास-साठ जण बसलेले असायचे झाडाखाली, अकरापर्यंत बसायचे आणि परत यायचे. पितळेचा तो नंबरचा बिल्ला खिशात. पॉवरलूमवाले बोलवायला यायचे, दहा माग सांभाळ म्हणायचे, पण अण्णा म्हणायचे गिरणी सुरू झाली आणि मी हजर नसलो तर नाव कापतील.

आणि त्या सात वर्षांत घर आईच्या विड्यांवर चाललं. दिवसाला हजार विड्या. रात्री पानं भिजवून फडक्यात बांधून ठेवायची, सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं एकसारखी कापायची, मग सूप मांडीवर घेऊन बसायची ती उठायचीच नाही. पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा, टोक दुमडायचं. बोटं बघत नसायची, बोलायची माझ्याशी आणि हात चालूच. पंचवीस विड्यांचा कट्टा, असे चाळीस कट्टे. मी शाळेतून आले की टोकं दुमडायला बसायचे. माझ्या हाताचा तंबाखूचा वास वर्गातल्या पोरींना यायचा. आज तिचा खांदा वर होत नाही तो त्याच सुपामुळं.

तर १८७१ ची गोष्ट वाचल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे, की बघा, ते कप्तान. तीन महिन्यांचं अन्न आहे आणि नऊ महिन्यांचा हिवाळा आहे हे त्यांना दिसलं आणि ते उठले. अण्णांना का नाही दिसलं? बारा वर्षांची मी होते, मलासुद्धा दिसत होतं. हा राग माझ्यात फार वर्षं होता आणि त्या रात्रीनंतर तो वाढला, खोटं कशाला बोलू.

मग मी पुढं वाचलं. १८७६ साली, पाचच वर्षांनी, तसंच झालं. परत बर्फ, परत बारा जहाजं गेली. परत बरेच जण सोडून निघाले आणि वाचले, पण ह्या वेळी पन्नासच्या वर माणसं जहाजांवरच थांबली, बर्फ सुटेल आणि जहाज बाहेर काढता येईल म्हणून. ती माणसं गेली. मला आधी कळेना की एवढं डोळ्यासमोर उदाहरण असताना ती का थांबली. मग लक्षात आलं की उदाहरणामुळंच थांबली असतील, माझा आपला अंदाज. कारण १८७१ मध्ये सोडून दिलेल्या तेहतीस जहाजांमधलं मिनर्व्हा नावाचं एक जहाज पुढच्या वर्षी लोक परत गेले तेव्हा धडधाकट सापडलं होतं. बाकीची चिरडली, जळाली, बुडाली, आणि हे एक नुसतं उभं. माणसं चढवून ते चक्क चालवत परत आणलं. आता ज्यानं हे ऐकलंय, ज्याचं दुसरं काहीच नाही, घर जहाज आणि पोट जहाज, तो कसा उतरेल?

गिरणीच्या बाबतीतपण हेच होतं. आधी एकदा गिरणी बंद पडून सहा महिन्यांनी खरंच सुरू झाली होती, मी जन्मायच्या आधी. जे तेव्हा दुसरीकडं गेले त्यांची कायम नोकरी गेली आणि जे गेटवर बसले ते परत आत गेले. अण्णा तेव्हा बसलेल्यांपैकी होते. हे मला माहीत होतं, घरात कितीदा ऐकलेलं, पण त्याचा अर्थ मला त्या बर्फातल्या माणसांकडून कळला.

अजून एक सांगायचं राहिलं, आणि हे मला अगदी आपलं वाटतं. देवमाशांचा धंदा बसल्यावर न्यू बेडफर्डनं काय केलं तर कापसाच्या गिरण्या. जहाजांतून काढलेला पैसा गिरण्यांत गेला. आपल्याकडंसुद्धा सोलापुरातली पहिली गिरणी, जुनी मिल म्हणतात ती, १८७० च्या दशकातलीच, म्हणजे तिकडं जहाजं बर्फात मोडत होती आणि इकडं आपली चिमणी उभी राहत होती. तिकडं १९२८ साली मालकांनी पगार दहा टक्के कापला म्हणून हजारो कामगार संपावर गेले, सहा महिने. आणि मग हळूहळू तिथल्याही गिरण्या बंद झाल्या. अण्णांना हे सांगितलं तर ते उठून बसले, "तिकडंपण?" म्हणाले. अमेरिकेतल्या एका गावात आपल्यासारखीच गिरणी होती, आपल्यासारखाच संप झाला आणि आपल्यासारखीच ती बंद पडली, हे ऐकून त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. दिलासा म्हणावा तर तेही नाही. जत्रेत अचानक गाववाला भेटावा तसं काहीतरी.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी वेनराइटजवळच्या समुद्रात सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं हुडकणारं यंत्र, लावून शोध घेतला, आणि दोन जहाजांचे सांगाडे सापडले, नांगर, आणि तेल कढवायच्या भट्टीचे अवशेष. आता तिथला बर्फ पूर्वीसारखा राहिला नाही म्हणून ते बघता आलं. आणि ते बोहेड मासे, ते आहेत. इनुपियाट लोक आजही मोजकीच शिकार करतात, ठरवून दिलेल्या आकड्यात, आणि २००७ साली त्यांनी मारलेल्या एका माशाच्या अंगात जुन्या हत्याराचा तुकडा निघाला, न्यू बेडफर्डमध्ये बनलेला, १८९० च्या आसपासचा. शंभर वर्षांहून जास्त तो मासा तो तुकडा अंगात घेऊन पोहत होता. हे मासे दोनशे वर्षंसुद्धा जगू शकतात. म्हणजे त्या १४ सप्टेंबरला वर होड्यांची रांग चालली असताना खाली पाण्यात असलेला एखादा मासा आजही तिकडं असू शकतो.

लाइट आली तेव्हा बारा वाजून गेले होते. आई केव्हाच झोपली होती. मी सतरंजी गुंडाळायला लागले, तर अण्णा अंधारात पाय पसरून तसेच बसलेले. म्हणाले, "ते एक जहाज सापडलं म्हणलीस ना, तेहतिसातलं. नाव काय त्याचं?"

"मिनर्व्हा."

"मिनर्व्हा," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं परत एकदा, स्वतःशीच, "मिनर्व्हा."